गोड दर्या

आमच्या घरात सध्या जिकडेतिकडे बेटं झाली आहेत. माझी नात सई सहावीत आहे. तिची पहिल्या सत्राची परीक्षा जवळ आली आहे आणि भूगोलाच्या बाईंनी भूरूपांचा नमुना करून आणायला सांगितला आहे. कागदाचा लगदा, पिठाची खळ, निळ्या रंगाची बाटली, असा सगळा पसारा मांडलेला असतो. जेवणाच्या टेबलावर एक पठार वाळत पडलंय, खिडकीत डोंगररांग आहे, आणि काल मी खुर्चीत बसलो तो नेमका एका खाडीत. लेंगा निळा झाला. सूनबाई कुरकुरते, पण मला आपलं बरं वाटतं. शाळेत भूगोल शिकवण्यावरच माझं आयुष्यभर पोट भरलं, त्यामुळे घरात भूगोल आला की सोयरा आल्यासारखं वाटतं.

"आबा, द्वीपकल्प म्हणजे काय, सांगा पटकन," परवा तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जजीरानुमा."

तिनं ब्रश खाली ठेवला. "हे काय असतं?"

"तेच. तीन बाजूंनी पाणी."

"पुस्तकात असं नाही."

पुस्तकात नाही हे खरं. मीच इतकी वर्षं मुलांकडून द्वीपकल्प, संयोगभूमी, सामुद्रधुनी असले जड शब्द घोकून घेतले आणि आले नाहीत तर त्यांना बाकावर उभं केलं. पण मला अचानक कुणी विचारलं तर ओठांवर येतात ते आधीचे शब्द, निजामाच्या अमदानीतले. ज्या शब्दाचं बोट धरून आपण एखादी गोष्ट पहिल्यांदा पाहतो, तो शब्द त्या गोष्टीला सोडत नाही. नंतर आलेला कितीही शुद्ध असो, तो भाडेकरूच राहतो.

आणि दिवसही तेच आहेत. सकाळी फिरायला जातो त्या वाटेवर एका रिकाम्या प्लॉटात कुणीतरी चार ओळी तूर लावली आहे. ती परवा फुललेली दिसली. पिवळी फुलं, त्यांच्यावर दव, आणि दिवाळीच्या आधी हवेत येतो तो कोवळा गारवा. तूर फुलली की मला सहस्रकुंडाची वाट आठवते, आणि सहस्रकुंड आठवलं की आई.

चौथीपर्यंत आमचं सगळं मराठीत होतं. पाचवीला गेलो आणि एका सुट्टीत सगळं जग उर्दू झालं. गणिताचं हिसाब झालं, इतिहासाची तारीख झाली, भूगोलाचा जुगराफिया झाला. फळ्यावरचा महिनासुद्धा आमचा नसे. घरी कार्तिक चालू असला तरी शाळेत सरकारी फसली सालातला आजूर चालू असे. नांदेडात एकाच वेळी दोन महिने सुखानं नांदत होते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आम्हा पोरांना तर नाहीच. जे कळत नाही ते पाठ करायचं, एवढा एकच नियम आम्हाला ठाऊक होता.

जुगराफिया शिकवायला करीमसाहेब होते. उंच, किडकिडीत, भर वैशाखातही शेरवानीची सगळी बटणं लावलेली. त्यांनी तरुणपणी एकदा मद्रासला जाऊन समुद्र पाहिला होता आणि ही गोष्ट ते कोणत्याही धड्यात आणू शकत. वाळवंट शिकवताना आणत, बर्फ शिकवतानाही आणत. "बच्चो, सूरज सीधा पानी में से निकलता है," असं म्हणून ते दोन्ही हात हळूहळू वर नेत, आणि आम्ही त्यांच्या हातांकडे पाहत राहायचो. मग एकदम घसा खाकरून ते व्याख्येवर येत. जजीरा खुश्की का वो टुकडा है जिसके चारों तरफ पानी हो. सगळा वर्ग एका सुरात म्हणे. चाल आरतीची होई, कारण आम्हाला तीच येत होती. करीमसाहेब डोळे मिटून ऐकत.

काही शब्दांनी आमची फार करमणूक केली. पठाराला सतह-मुर्तफा म्हणायचे. आम्हाला ते कुणा मौलवीचं नाव वाटे. दरीला वादी म्हणायचे. आमच्याकडे वादी म्हणजे चपलेची, चामड्याची पट्टी. त्यामुळे वादीतून दरया वाहतो हे वाक्य मी पाठ केलं, पण चपलेतून काय वाहणार, याचा विचार केला नाही. घरी जेवताना मात्र जुगराफिया फार सोपा जाई. भाताचा ढीग आमटीत ठेवला की जजीरा. त्याला एका बाजूनं ताटाच्या कडेशी जोडलं की जजीरानुमा. वरून तुपाची धार सोडली की ती भातावरून खाली येताना स्वतःची वाट करून घेई, आणि तो माझा सर्वात आवडता धडा होता.

"काय करून राहिलास रे त्या भाताचं?" आई विचारायची. "अन्नाशी खेळू न्हाई."

"अभ्यास करून राहिलोय," मी म्हणायचो, आणि ते खरंच होतं.

आईचं माहेर निलंग्याकडचं, तेरणेच्या काठचं एक खेडं. तिथल्या महादेवाच्या देवळात एक शंख होता. ती लहान असताना गुरवानं तो तिच्या कानाला लावला होता आणि म्हणाला होता, ऐक, यात दर्या बोलतो. तेवढं ऐकून ती मोठी झाली, लग्न होऊन नांदेडला आली, संसाराला लागली. साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही, पण कधी उसंतीत बसली की म्हणायची, "एकदा दर्या बघायचा हाय मला. शंखातला ऐकलाय, खरा बघायचा हाय." अण्णा, म्हणजे माझे वडील, हसून सोडून द्यायचे. ते एका वकिलाचे मुन्शी होते. नांदेडच्या मुन्शीला समुद्र म्हणजे चंद्रावर जाण्याइतका लांब.

अशात एके दिवशी करीमसाहेबांनी वर्गात सांगितलं, "दिवाली की छुट्टी में हम इस्लापूर चलेंगे. दरया भी देखेंगे, आबशार भी."

आबशार हा शब्द मला माहीत नव्हता. दर्या मात्र माहीत होता. मराठी माणसाला दर्या माहीत नाही असं कसं होईल? दर्या म्हणजे समुद्र. उर्दूत दरया म्हणजे नदी, हे मी कुणाला विचारलंच नाही, कारण विचारावं असं त्यात काही दिसलं नाही. पुढे मी हे वर्गात नेहमी सांगत आलो की अनोळखी शब्द माणसाला फसवत नाही, फसवतो तो ओळखीचा. इस्लापूर कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं. आणि ज्या गावाला मी गेलो नव्हतो तिथं समुद्र असायला माझी काही हरकत नव्हती.

घरी येऊन मी सांगितलं, "साहेब आम्हाला इस्लापूरला दर्या दाखवायला नेऊन राहिलेत."

अण्णा जेवत होते. त्यांची सगळी कचेरी उर्दूत, त्यामुळे त्यांच्या कानाला दरया म्हणजे सरळ नदी. "हाव, जा की," ते म्हणाले. "लई छान जागा हाय ती."

आईची तव्यावरची भाकरी करपली. "तुम्ही बघितलाय?"

"मागं एका मुकदम्याच्या कामी गेलतो ना."

"अन् मला कधी बोलला न्हाई?"

"आता त्यात काय बोलायचं," अण्णा म्हणाले.

पुढे आठवडाभर आमच्या घरात एकच शब्द दोन अर्थांनी फिरत राहिला आणि दोघांपैकी कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. आई पीठ मळता मळता विचारी, "पाणी खारट अस्तंय म्हणं?" अण्णा म्हणत, "कोण म्हणलं? गोड हाय. काठची गावंच्या गावं पितात." आई नंतर मला हळूच म्हणे, "आपल्या सरकारचा दर्या गोड असंल. इंग्रजांचा खारट." मग ती विचारी, "पलीकडचा काठ दिसतो का हो?" अण्णा म्हणत, "दिसतो की. पलीकडं वऱ्हाड. इंग्रजांचं राज्य." हे मात्र आईला एकदम पटलं. इंग्रज दर्यापार राहतात हे तिनंही ऐकलं होतं. सगळं कसं जुळत गेलं होतं.

सहलीत आम्हा हिंदू पोरांचं सोवळ्याओवळ्याचं जेवण कोण करणार हा प्रश्न करीमसाहेबांनीच काढला आणि घरचं कुणी येईल का असं विचारलं. आई आयुष्यात पहिल्यांदा अण्णांसमोर उभी राहून म्हणाली, "मी जाते."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. नदी पाहायला एवढी हौस, याचं त्यांना नवल वाटलं असणार. "जा," ते म्हणाले. "घरातून कधी हालली न्हाईस. जा."

माझ्या वर्गातल्या एका मुलाची काकू सोबत आली. आईनं बोचक्यात पोळ्या, दशम्या, शेंगाची चटणी बांधली, आणि वेगळ्या फडक्यात नारळ, खण, हळदकुंकू. दर्याची ओटी भरायची होती. शिवाय एक झाकणाचा पितळी गडू, दर्याचं पाणी आणायला. रात्रंदिवस तिच्या तोंडावर जे तेज होतं ते मी तिच्या तोंडावर पुन्हा फार थोड्या वेळा पाहिलं.

मुदखेडला गाडी बदलून आम्ही निघालो. खिडकीतून कोळशाचे कण डोळ्यात जात होते तरी खिडकी कुणी सोडत नव्हतं. ज्वारी निसवलेली, कापूस फुटलेला, आणि बांधाबांधाला तूर पिवळी. जसजसं पुढे जावं तसतशी जमीन उंचसखल होत गेली, सागाची झाडं आली, आणि करीमसाहेब एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे धावत आम्हाला पहाड, वादी, मैदान दाखवत राहिले. पुस्तकातले शब्द असे जमिनीवर उभे राहिलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. वादी चपलेची नव्हती. दोन टेकड्यांच्या मध्ये ती धुकं घेऊन स्वस्थ बसली होती.

इस्लापुराहून सहस्रकुंडाला बैलगाड्या केल्या. बायकांची गाडी पुढे, आमची मागे. बराच वेळ चाकांचाच आवाज होता. मग एका वळणावर त्याच्या खालून दुसरा आवाज यायला लागला. सतत, घुमणारा, न थांबणारा. पुढच्या गाडीत आई ताठ बसली आणि तिनं कानावरचा पदर मागे सारला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

"सुनो," करीमसाहेब म्हणाले. "ये आबशार है. दरया-ए-पैनगंगा यहां ऊपर से गिरता है."

"साहेब," मी म्हणालो, "पैनगंगा तर नदी हाय."

"हां. नदी. उर्दू में दरया बोलते."

"अन् समुद्र?"

"समंदर यहां कहां, बेटा." ते हसले. "वो तो बहुत दूर."

गाडी थांबायच्या आत मी उडी मारली, पण आई माझ्याआधी उतरून चालू लागली होती. फडक्यातली ओटी छातीशी धरून ती काळ्या दगडांवरून भराभर जात होती. मी गाठलं तेव्हा ती काठावर पोचली होती. समोर काळ्या कातळावरून पाणी पांढरंफेक होऊन कोसळत होतं, एका धारेनं नाही, कितीतरी धारांनी, आणि तुषार आमच्या तोंडावर येत होते. इतकं पाणी एका जागी मी कधी पाहिलं नव्हतं. तरी आई त्या पाण्याच्या पलीकडे पाहत होती.

"अरे," ती म्हणाली, "पलीकडचा काठ तर लई जवळ हाय."

"आई, हा दर्या न्हाई," मी म्हणालो. "नदी हाय. पैनगंगा. उर्दूत नदीलाच दरया म्हणतात."

मला फार वाईट वाटलं. एवढी पोरं, एवढे दगड, एवढा आवाज, आणि त्यात आई हातात ओटी घेऊन एकटी उभी. मग तिनं पाण्यात हात घातला, ओंजळ तोंडाशी नेली आणि प्यायली.

"गोड," ती म्हणाली. आणि एकदम हसायला लागली. "म्हणून गोड! तरी म्हणलं हे गोड गोड काय म्हणून राहिलेत." ती हसत हसत दगडावरच बसली, तिला पाहून मीही हसलो, आणि मागून आलेली काकू काय झालं काय झालं म्हणत राहिली.

हसून झाल्यावर मात्र तिनं फडक्यातला नारळ मांडीवर घेतला. तोवर करीमसाहेब येऊन थोड्या अंतरावर उभे राहिले होते. परक्या पुरुषाशी आई सरळ बोलत नसे. पदर पुढे ओढून ती मला म्हणाली, "विचार त्यांना. हे पाणी पुढं कुठं जातं?"

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. आईनं नदीचं टोक विचारलं. ते साहेबांना ऐकू गेलं होतंच, पण रीत म्हणून त्यांनी मी विचारेपर्यंत वाट पाहिली.

"अम्मा को बोलो," ते माझ्याकडे पाहत म्हणाले, आणि खाली बसून ओल्या वाळूत काठीनं रेघ ओढली. "ये पैनगंगा. ये जाकर वर्धा में मिली. वर्धा आगे प्राणहिता में. प्राणहिता गोदावरी में. और गोदावरी समंदर में."

"आपली गोदावरी?" आई मला म्हणाली. "नांदेडच्या घाटावरची?"

"हां हां, वही," साहेब मला म्हणाले.

"अन् तेरणा? विचार, तेरणा कुठं जाती?"

साहेबांनी दुसऱ्या बाजूनं एक रेघ आणली. "तेरणा मांजरा में. मांजरा गोदावरी में."

आई वाकून त्या रेघा पाहत होती. निलंग्याची रेघ, नांदेडची रेघ, आम्ही उभे होतो ती रेघ, सगळ्या शेवटी एकीत मिळाल्या होत्या. "म्हंजे माहेरचं अन् सासरचं पाणी एकाच ठिकाणी जातं," ती म्हणाली. ती हे मला म्हणत नव्हती, साहेबांनाही नाही. मग तिनं शेवटचा प्रश्न विचारला. "अन् तो दर्या कुणीकडं?"

"मशरिक," साहेब म्हणाले, आणि मग शब्द बदलून चक्क मराठीत, "उगवतीकडं. तिकडं सूरज पाण्यातून निघतो, अम्मा. मी बघितलाय." रीत तेवढ्यापुरती मोडली. कुणाला खटकली नाही.

आई उठली. धबधब्याच्या खाली जिथं पाणी जरा सावरून वाहायला लागतं तिथं ती गेली, हळदकुंकू वाहिलं, खण सोडला, नारळ सोडला. "माझं येणं हुईल न हुईल," ती नदीला म्हणाली, "तू जाऊन राहिलीस तर एवढं पोचतं कर." नारळ एका भोवऱ्यात अडकून गरगर फिरत राहिला. पोरं ओरडायला लागली. मग तो सुटला आणि उड्या घेत खाली गेला, आणि आई तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली. नंतर तिनं पदर खोचला आणि पिठलं टाकलं. त्या दिवशीच्या पिठल्याला लाकडाच्या धुराचा वास होता. करीमसाहेबांनी लांब दगडावर बसून आपल्या डब्यातलं खाल्लं, पण आईनं मला पाठवून त्यांना पिठलं नेऊन द्यायला लावलं, आणि त्यांनी पानातल्या पिठल्यात भाकरीचा तुकडा उभा करून आम्हाला शेवटचा जजीरा दाखवला आणि तो खाऊन टाकला.

घरी आल्यावर आईनं पितळी गडू अण्णांच्या ताटाशी ठेवला. "घ्या. तुमचा गोड दर्या."

अण्णांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते हसले. "मी नेईन तुला एकदा," ते म्हणाले.

ते काही त्यांच्याकडून झालं नाही. निजामाचं राज्य गेलं, उर्दूची शाळा पुन्हा मराठी झाली, मी शिकलो, मास्तर झालो, आणि मग मीच आईला मुंबईला घेऊन गेलो, खास दर्या दाखवायला. संध्याकाळची वेळ होती. चौपाटीवर आई वाळूत उभी राहिली. समोर खरा, खारट, काठ नसलेला समुद्र. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिनं लाटेत पाय भिजवले, पाणी चाखलं, आणि सूर्य बुडत होता तिकडे पाहत म्हणाली, "इथं तर सूर्य बुडतो."

"हो."

"म्हंजे ही मावळती. आपलं पाणी इथं येत न्हाई."

"नाही येत," मी म्हणालो.

"बरा हाय," ती म्हणाली. "पण आपला न्हाई." आणि साडीचे ओले काठ पिळून ती चालू लागली. गंमत म्हणजे ती जराही नाराज नव्हती. शेजाऱ्याचं चांगलं घर पाहून यावं तशी ती आली.

पूर्वेच्या समुद्राला जाऊ जाऊ म्हणता राहून गेलं. आई गेली तेव्हा भावकीतल्यांनी अस्थी काशीला न्याव्यात असा आग्रह धरला. मी म्हणालो, काशीचं पाणीही त्याच दर्याला मिळतं, पण तिला एवढा वळसा कशाला? आम्ही नांदेडच्या घाटावर, गोदावरीतच सोडल्या. दिवस तुरीच्या फुलांचेच होते. पाणी संथ होतं आणि बरोबर दिशेनं वाहत होतं.

आज सकाळी सईचा नमुना पुरा होत आला होता. तिनं पठार कोरून त्यात नदी केली होती आणि निळा ब्रश घेऊन ती पुठ्ठ्याच्या मधोमध थांबली होती.

"आबा, गोदावरी पुढे कुठे नेऊ?"

"उगवतीकडं," मी म्हणालो. "उजव्या हाताला."

तिनं रेघ कडेपर्यंत नेली आणि तिथं भरपूर निळा रंग ओतला. "तुम्ही पाहिलाय हा समुद्र?"

"न्हाई," मी म्हणालो. "पण आपल्या घरचं एक माणूस तिथं असतं."